कुलूपबंद घर आणि पाणी: बेळगाव-खानापूरकडच्या घरमालकांचे नेहमीचे प्रश्न

आमच्या स्वयंपाकघराच्या दारामागे एका खिळ्याला सात घरांच्या किल्ल्या लटकतात. त्यातलं एकही घर माझं नाही. भाचा पुण्याला, चुलतभाऊ मुंबईला, शेजारी मुलाकडे दुबईला. घरं मात्र इथंच: टिळकवाडीत, अनगोळात, उचगावात आणि दोन पार खानापूरच्या पलीकडे. गणपतीला, यात्रेला आणि मे महिन्यात ती उघडतात, एरवी कुलूप. एवढ्या वर्षांत या घरांत मला चोर एकदाही सापडला नाही. पाणी मात्र दरवर्षी कुठल्या ना कुठल्या घरात शिरलेलं सापडतं. फोनवर सगळे तेच तेच विचारतात, म्हणून एकदाचं लिहून काढलं.

घर बंद आहे, नळ कोणी सोडत नाही. मग पाणी गळेल कशाला?

नळ बंद केला तरी पाणी कुठे जात नाही, पाईपात दाबून उभं राहतं. वॉशरवर, जॉइंटवर, फ्लश टाकीच्या प्लॅस्टिकवर त्याचा जोर रात्रंदिवस असतो. बेळगावात २००८ पासून काही वॉर्डांत चोवीस तास पाणी आहे, तिथे तर लाईन कधी रिकामी होतच नाही. सगळ्यात दगाबाज म्हणजे बेसिनखालचा स्टीलच्या जाळीचा कनेक्शन पाईप. वरून चकचकीत दिसतो, पण आत रबराची नळी असते. ती कडक झाली की एक दिवस अँगल कॉकजवळ, म्हणजे भिंतीतल्या छोट्या बंद-चालू कॉकजवळ, फुटते.

माणसं असलेल्या घरात गळती तासाभरात कळते. बंद घरातली कळते ती शेजाऱ्याच्या भिंतीला ओल आल्यावर, नाहीतर बिल आल्यावर. सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला साधारण वीस लिटर. पटत नसेल तर गळक्या नळाखाली लिटरची बाटली धरून बघा, तासाभरात भरत आलेली दिसेल. चार महिन्यांत हे पाणी दोन हजार लिटरच्या वर जातं, आणि ते मोरीत जाईलच असं नाही. चिऱ्याच्या भिंतीत, नाहीतर लाकडी चौकटीच्या बुडाशी मुरत बसतं.

निघताना नेमकं काय काय बंद करायचं?

तीन ठिकाणं. रस्त्यावरून लाईन घरात येते तिथला मीटरजवळचा व्हॉल्व्ह, गच्चीवरच्या टाकीतून खाली उतरणाऱ्या पाईपचा व्हॉल्व्ह, आणि मोटरचा स्विच. पुष्कळ लोक पहिला बंद करतात आणि निर्धास्त होतात. वर हजार लिटरची टाकी भरलेली आहे आणि ती सगळी त्या बेसिनखालच्या नळीवर बसली आहे, हे लक्षातच येत नाही.

व्हॉल्व्ह फिरवला म्हणजे पाणी बंद झालं असंही समजू नका. फिरवल्यावर खालच्या मजल्यावरचा सगळ्यात खालचा नळ सोडा आणि धार आटायची वाट बघा. दहा मिनिटांनीही बारीक धार चालूच असेल तर व्हॉल्व्ह आतून गेलाय. जुन्या घरांत पितळी गेट व्हॉल्व्ह असतात. चाक गोल गोल फिरतं, पण आतली पाती क्षाराने अर्ध्यावरच अडकते. तो जोर लावून आवळू नका, दांडी हातात येते. माझ्या हातात आलीय. त्याच्या जागी पाव वळणाचा बॉल व्हॉल्व्ह बसवून घ्या. त्याची दांडी पाईपला आडवी म्हणजे बंद, सरळ म्हणजे चालू. फोनवरून अनोळखी माणसाला सांगायलाही ते सोपं जातं.

धार थांबल्यावर तो नळ पुन्हा बंद करायचा. हे वाक्य मी मुद्दाम वेगळं लिहिलंय. का, ते पुढच्या प्रश्नात.

नळाला पाणीच नव्हतं, तर तो उघडा की बंद याने काय फरक पडतो?

या प्रश्नाचं उत्तर मला माझ्याच चुकीतून मिळालंय. बहिणीचं घर खानापूरच्या पलीकडे, गावात एक दिवसाआड पाणी. गणपती विसर्जन झालं, दुसऱ्या दिवशी सगळे निघाले. सकाळपासून नळाला पाणी नव्हतं. कोणीतरी न्हाणीतला नळ सोडून बघितला, कोरडा निघाला, तसाच राहिला. कुलूप मी लावलं. किल्ली खिशात घालून बसस्टॉपवर आलो, सगळ्यांनी भजी खाल्ली, पांगलो.

पाणी दुसऱ्या दिवशी आलं. न्हाणीच्या भोकावर भांड्याची घासणी जाऊन बसली होती. नवव्या दिवशी वाटेवरून जाणाऱ्या एकाला दिसलं की उंबऱ्याखालून पाणी अंगणात येतंय. मी पोचलो तेव्हा सोप्यात घोट्याएवढं पाणी होतं. माजघराची जमीन शेणाने सारवलेली, तिचा चिखल झाला होता. कोपऱ्यात भाताची दोन पोती उभी होती. वरून कोरडी ठणठणीत. हात लावून कलंडवलं तर खालच्या अंगाला गोणपाटातून पांढरे मोड बाहेर आलेले, वीतभर उंचीपर्यंत. बहीण फोनवर काही बोलली नाही, नुसतं "बरं" म्हणाली. ते जास्त लागलं.

फिरकीचा नळ कोरडा असताना उघडा आहे की बंद, हे डोळ्यांना दिसत नाही. म्हणून आता नियम केलाय. कुलूप लावण्याआधी एकाच माणसाने, एकट्याने, घरातला प्रत्येक नळ हाताने आवळून बघायचा. परसातला आणि गच्चीवरचासुद्धा. जलजीवन मिशनमुळे २०१९ नंतर कितीतरी गावांत घरात पहिल्यांदाच नळ आलाय. पाणी मात्र ठरल्या वेळीच येतं, त्यामुळे ही चूक आता जास्तच व्हायला लागलीय.

गच्चीवरची टाकी रिकामी करून जावी की भरून?

दोन्ही नको. रिकामी प्लॅस्टिकची टाकी फार हलकी असते. एप्रिल-मेमधल्या वळिवाचा वारा बेळगावकरांना सांगायला नको. एका वळिवात अनगोळच्या घराची टाकी पाईप उपटून शेजारच्या पत्र्यावर गेली होती. भरलेली ठेवली तर खालच्या गळतीला ती रसद पुरवते.

मी पाव टाकी पाणी ठेवतो. वजनाला तेवढं पुरतं. येणारी बाजू बंद, जाणारी बाजू टाकीला लागूनच बंद. झाकण घट्ट लावून नायलॉनच्या दोरीने आवळायचं, आणि ओव्हरफ्लोच्या पाईपच्या तोंडाला मच्छरदाणीचा तुकडा बांधायचा. हे शेवटचं काम सगळे विसरतात. डेंग्यूचा डास स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवा डास उडतो. तुम्ही मुंबईत असता, चावतो तो आमच्या गल्लीतल्या पोरांना.

टाकी भरली की लाईन बंद करणाऱ्या तरंगत्या बॉलवर भरवसा ठेवून येणारी लाईन चालू ठेवणारे आहेत. बॉलच्या दांडीला क्षार बसतो, ती अडकते, आणि मग मीटर रात्रभर फिरत राहतो. पाणी गच्चीवरून पागोळ्यांसारखं पडत असतं आणि लोकांना वाटतं पाऊस पडून गेला.

मोटरला ऑटोमॅटिक कंट्रोलर आहे. ती चालू ठेवली तर काय बिघडतं?

टाकी कमी झाली की मोटर लावायची, एवढंच त्याला कळतं. टाकी का कमी झाली ते कळत नाही. पाईप फुटला तर बोअर आटेपर्यंत तो इमानदारीने पाणी चढवत राहील. मोटरचा एमसीबी, म्हणजे बोर्डावरचा स्विच, खाली करून जा.

सोलर वॉटर हीटरचं काय करायचं? तो तर बंद करता येत नाही.

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात, आणि नुकसान इथेच जास्त होतं. बेळगावात गच्च्यांवर काचेच्या नळ्यांचे सोलर पुष्कळ आहेत. सूर्याला तुम्ही गावाला गेलात हे माहीत नसतं, तो रोज पाणी तापवतो. वापरणारं कोणी नाही, म्हणून पाणी उकळीला येतं आणि वाफ वरच्या उघड्या नळीतून निघून जाते. थंड पाण्याची लाईन तुम्ही बंद केलेली असते, त्यामुळे गेलेलं पाणी भरून येत नाही. हळूहळू टाकीची पातळी उतरते, नळ्या कोरड्या पडतात. कोरडी नळी भर उन्हात आतून दोनशे अंशांच्या वर जाते.

मग तुम्ही मे महिन्यात दुपारी दोनला येता, घामाघूम झालेले असता, आणि पहिलं काम म्हणजे वरचा व्हॉल्व्ह सोडता. थंड पाणी त्या तापलेल्या काचेत शिरतं. फटाका फुटल्यासारखा आवाज होतो आणि एकामागून एक नळ्या जातात. नळी फुटली की तिच्यातून सोलरची टाकी रिकामी होते, आणि थंड लाईन चालू असेल तर पाठोपाठ गच्चीवरची मोठी टाकीही.

उपाय काही अवघड नाही. जाण्याआधी सोलर पाण्याने भरलेला आहे याची खात्री करा, नळ्यांवर जाड ताडपत्री टाकून चारी बाजूंनी बांधा, गरम पाण्याची खाली जाणारी लाईन बंद करा. पातळ साडी किंवा चादर उपयोगाची नाही, ऊन आरपार जातं आणि महिन्याभरात कापड विरतं. परत आलात की पाणी सोडायचं ते भल्या सकाळी सूर्य वर यायच्या आत, नाहीतर रात्री जेवणं झाल्यावर. ताडपत्री पाणी भरून झाल्यावर काढा. एक दिवस बंबावर अंघोळ केली तर काही होत नाही.

गळती आहे की नाही हे निघण्याआधी कसं ओळखायचं?

निघायच्या आदल्या रात्री सगळे नळ बंद करून मीटरचा आकडा लिहून ठेवा, मोबाइलवर फोटो काढला तर उत्तम. सकाळी कोणी पाणी वापरायच्या आत पुन्हा बघा. आकडा हलला असेल तर मीटरपासून टाकीपर्यंत कुठेतरी गळतंय, किंवा टाकीचा बॉल अडकलाय. मीटरवर एक बारीक चक्री असते. सगळं बंद असताना ती किंचितही फिरत असेल तर रात्रभर थांबायची गरज नाही.

टाकीपासून खालची बाजू तपासायला टाकीच्या आत पाण्याच्या पातळीवर खडूने रेघ मारा आणि येणारी लाईन बंद ठेवा. सकाळी पाणी रेघेखाली गेलं असेल तर घरात शोधा. पहिला संशय फ्लश टाकीवर घ्या. तिच्यात खाण्याचा रंग किंवा निळीचे चार थेंब टाका आणि वीस मिनिटं फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला तर आतलं रबर गेलंय. हळद टाकू नका. एका घरी टाकली, ते भांडं अजून पिवळं आहे.

उंदीर खरंच पाईप कुरतडतात का?

कुरतडतात. उन्हाळ्यात बाहेर पाणी नसलं की पाईपातल्या पाण्याच्या चाहुलीने येतात, आणि त्यांचे दात सतत वाढत असल्यामुळे काहीतरी कुरतडायला त्यांना हवंच असतं. मऊ नळ्या आधी जातात: वॉशिंग मशीनची, वॉटर फिल्टरची. त्या काढून वर कपाटात ठेवा. खानापूरकडे वानरांचा त्रास वेगळाच. टाकीचं झाकण उघडून पाणी पितात आणि झाकण अंगणात फेकतात. गच्चीवरचा नळ लिव्हरचा असेल तर तो सोडायलाही शिकलीत. तिथे फिरकीचाच नळ ठेवा.

उन्हात राहिलेला पांढरा पीव्हीसी पाईप काही वर्षांत खडूसारखा ठिसूळ होतो. त्याला ऑइलपेंटचा एक हात मारला तरी आयुष्य वाढतं.

आमचं घर कौलारू आहे. पावसाळ्यात बंद ठेवायचं तर काय काळजी घ्यावी?

आधी घर कुठे आहे ते सांगा, कारण या एका जिल्ह्यात पाऊस एकसारखा नाही. अथणीकडे पावसाची वाट बघतात. बेळगाव शहरात वर्षाला बाराशे-तेराशे मिलीमीटर पडतो. मलप्रभा उगम पावते त्या कणकुंबीला त्याच्या दुपटीहून जास्त. तिकडच्या घराला बेळगावच्या हिशेबाने ताडपत्री टाकून चालत नाही.

मृग लागायच्या आत, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्याआधी, शाकारणी झाली पाहिजे. ती तुम्ही असताना करून घ्या. मजुरावर विश्वास नाही म्हणून सांगत नाही. कौलं उतरवल्यावर वासे आणि रिपा उघड्या पडतात, आणि वाळवी लागली असेल तर तेव्हाच दिसते. चाकूचं टोक वाशात खुपसून बघा. लोण्यात जाते तशी सुरी आत गेली तर तो वासा आणखी एक पावसाळा पेलणार नाही. मंगळुरी कौल एक जरी सरकलं तरी पाणी वाशावरून वाहत पार दुसऱ्या टोकाला, भिंतीवर टपकतं. म्हणजे डाग जिथे दिसतो त्याच्या बरोबर वर भोक नसतं. चढाच्या दिशेने वर वर बघत जायचं.

दोन पाखं जिथे मिळतात तिथल्या पत्र्याच्या पन्हळीत फणसाचा-आंब्याचा पाला साचतो. बंद घराची कौलं गळण्याचं हे पहिलं कारण, कौल फुटणं दुसरं. जुलैमध्ये एकदा माणूस चढवून पाला काढला तर गणपतीला येऊन भिंती पुसत बसावं लागत नाही.

आणि पश्चिमेची भिंत. झड तिकडूनच येते. चिरा पाणी पितो, पंधरा दिवस सलग पाऊस लागला की आतल्या बाजूला बुरशी धरते. पूर्वी गवताचे किंवा झावळ्यांचे झापे लावायचे, आता प्लॅस्टिक लावतात. लावा, पण भिंतीला चिकटवून नको. मध्ये हवा खेळायला चार बोटं जागा सोडा, नाहीतर ओल आतच कोंडते. आज्जी चुलीत जाळ असेपर्यंत घर टिकतं म्हणायची. त्यातलं अर्धं तरी खरं आहे: रोजच्या धुराने वाळवी दूर राहायची आणि लाकूड सुकं राहायचं. बंद घराला निदान महिन्यातून एकदा, उघडीप मिळेल त्या दिवशी, दारं-खिडक्या सताड उघडून वारा द्यायला हवा.

स्लॅबचं घर आहे, मग पावसाची चिंता नाही ना?

गच्चीचं पाणी उतरायचा पाईप एका पॉलिथीन पिशवीने बंद होतो. पॅरापेट असलेली हजार चौरस फुटांची गच्ची चार इंच भरली तर नऊ हजार लिटरच्या वर पाणी होतं, म्हणजे नऊ टनांहून जास्त ओझं. स्लॅब लगेच पडत नाही, पण पाणी तडा शोधून काढतं. आउटलेटवर जाळी बसवा. सपाट नको, टोपीसारखी उभी. सपाट जाळीवर दोन पानं बसली की झाकण तयार. भिंतीच्या फटीत पिंपळाचं रोप दिसलं तर मुळासकट काढा. नुसतं कापलं तर ते जोमाने येतं.

परत आल्यावर बाथरूमला गटाराचा वास येतो आणि झुरळं असतात. कुठे गळतंय का?

गळत नाही, सुकतंय. मोरीच्या जाळीखाली वाकड्या पाईपात थोडं पाणी कायम उभं असतं, ते गटाराची हवा अडवतं. दोन महिने कोणी पाणी ओतलं नाही की ते उडून जातं आणि वाट मोकळी होते. निघताना प्रत्येक मोरीत, बेसिनमध्ये तांब्याभर पाणी ओता आणि वरून दोन-तीन चमचे गोडेतेल. तेलाचा थर पाणी उडू देत नाही. संडासाच्या भांड्याचं झाकण लावून त्यावर वीट ठेवा.

बेळगावच्या थंडीत पाईप गोठून फुटतात का? इंटरनेटवर सगळीकडे तेच लिहिलेलं असतं.

इथे नाही. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवर आहे, डिसेंबर-जानेवारीत पहाटे दात वाजतात, पण पारा शून्याच्या जवळपासही जात नाही. ते सगळे लेख थंड मुलखासाठी लिहिलेत. तुमच्या नळाला पोतं गुंडाळायची गरज नाही.

पण मुलाचं घर टोरांटोला आहे आणि तो महिनाभर इकडे येतोय. त्याला काय सांगू?

त्याला मात्र ते लेख वाचायला सांगा. पाण्याचा बर्फ होताना ते साधारण नऊ टक्के फुगतं. पाईपात बर्फाचा बुच बसला की बर्फ आणि बंद नळ यांच्यामध्ये अडकलेल्या पाण्यावर भयंकर दाब येतो आणि पाईप तिथे फाटतो. बर्फ असेपर्यंत काही दिसत नाही, वितळला की धबधबा. बाहेर उणे सहा-सातच्या खाली गेलं की उघड्यावरच्या, माळ्यावरच्या आणि बाहेरच्या भिंतीतल्या पाईपांना धोका सुरू होतो.

घर सोडताना हीटर पूर्ण बंद करू नये, तेरा अंशांच्या खाली आतलं तापमान जाऊ देऊ नये. मुख्य व्हॉल्व्ह बंद करून सगळे नळ सोडून पाईप रिकामे करावेत, फ्लश टाकीसकट. सिंकखालची कपाटं उघडी ठेवावीत म्हणजे घरातली ऊब पाईपाला लागते. मोऱ्यांच्या वाकड्या पाईपात उरलेल्या पाण्यासाठी तिकडे न गोठणारं द्रव मिळतं. ते पाण्याच्या लाईनसाठीचं, बिनविषारी, प्रॉपिलीन ग्लायकॉलचंच घ्यावं. गाडीच्या रेडिएटरमधलं विषारी असतं. गरम पाणी फिरवून घर तापवायची पद्धत असेल तर तिला हात लावू नये, तिथल्या माणसालाच बोलवावं. आणि विम्याची पॉलिसी काढून वाचावी. घर रिकामं असताना कोणीतरी ठराविक दिवसांनी बघून जावं अशी अट अनेक पॉलिसींत असते.

मनालीत नाहीतर शिमल्यात कोणी घर घेतलं असेल तर त्यालाही हेच लागू.

मोबाइलवर सूचना देणारा पाण्याचा सेन्सर बसवू का?

बसवा, पण त्याच्या भरवशावर कोणालाच किल्ली न देता जाऊ नका. वळिवात लाईट गेली की वायफाय गेलं, वायफाय गेलं की सेन्सर मुका. खानापूरच्या पलीकडे जुलैत दोन-दोन दिवस लाईट नसते. शिवाय सूचना आली तरी पुण्यातून तुम्ही करणार काय? कोणाला तरी फोनच ना? तो कोण, हे आधी ठरवा.

किल्ली कोणाकडे द्यावी?

जवळच्या नातेवाइकापेक्षा जवळ राहणाऱ्याकडे. रात्री अकराला चप्पल घालून दोन मिनिटांत पोचेल असा माणूस हवा. निघताना त्याला बरोबर घेऊन घरभर फिरा आणि दोन्ही व्हॉल्व्ह आणि मोटरचा स्विच त्याच्या हाताने बंद करायला लावा. तोंडी सांगितलेलं चार महिन्यांनी कोणाला आठवत नाही, हाताने केलेलं आठवतं. व्हॉल्व्हवर लाल रंगाचा ठिपका द्या. पंधरा दिवसांनी एक फेरी, पावसाळ्यात आठवड्याला, आणि प्रत्येक फेरीला मीटरचा एक फोटो.

पैशाचं बोलायला संकोच वाटतो, मलाही वाटतो. पण प्लंबर बोलवायला लागला तर त्याच्या खिशातून जाऊ नयेत म्हणून थोडी रक्कम आधीच देऊन ठेवा. आणि गणपतीला आलात की त्याच्या घरी स्वतः जा. येताना चितळ्यांची बाकरवडी आणलीत तर कोणी नको म्हणत नाही.

शेजाऱ्यांचा फोन आला, "पाणी गळायलंय की ओ तुमच्या घरात!" आधी काय सांगायचं?

आत जाऊ नका म्हणून सांगायचं. मीटरबोर्ड बाहेर असेल तर कोरड्या हाताने, पायात रबरी चप्पल घालून मेन स्विच खाली करायला सांगा. बोर्ड आत असेल आणि जमिनीवर पाणी असेल तर इलेक्ट्रिशियन किंवा हेस्कॉमचा, म्हणजे वीज कंपनीचा, माणूस येईपर्यंत कोणी उंबरा ओलांडायचा नाही. तीस मिलीअँपिअरचं आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारं स्विच, बसवलेलं असेल तर ते बहुधा आधीच पडलेलं असतं. नसेल तर ते आजच बसवून घ्या. वीज बंद केल्यावर रस्त्याकडचा व्हॉल्व्ह, मग टाकीचा. पाणी उपसणं त्यानंतर.

शहरात मराठी येणारा प्लंबर मिळतो, पण सुट्टीच्या दिवशी जो मिळेल तो खरा. त्याला फक्त कन्नड येत असेल तर दोन वाक्यांत काम भागतं. "नीरु सोरुत्तिदे" म्हणजे पाणी गळतंय, आणि "व्हॉल्व्ह बंद माड्री" म्हणजे व्हॉल्व्ह बंद करा. नळाला नल्ली म्हणतात. बाकी तो बघून घेतो, आपली माणसं भली आहेत.

परत आल्यावर पाणी कसं चालू करायचं?

घाई न करता. आधी घरातले सगळे नळ अर्धे सोडा, मग मुख्य व्हॉल्व्ह हळूहळू उघडा. एकदम उघडला तर पाईपातली हवा आणि पाणी धडका देत पुढे जातात, आणि जुन्या जीआय, म्हणजे लोखंडी, पाईपचा गंजलेला जॉइंट त्याच धक्क्याने सुटतो. नळ फुसफुसतील, खोकतील, मग तांबडं पाणी येईल. ते स्वच्छ होईपर्यंत वाहू द्या. शॉवरचं पहिलं पाणी खिडकी उघडून, स्वतः बाजूला उभं राहून सोडा. साचलेल्या पाण्याचे तुषार नाकात जाणं बरं नाही. गीझर तोपर्यंत बंदच. गरम पाण्याच्या नळातून सलग धार आली म्हणजे तो भरला, मगच स्विच. रिकाम्या गीझरची कॉइल मिनिटांत जळते.

पाव टाकी जे पाणी ठेवलं होतं ते पिऊ नका, भांड्यांनाही नको. बादल्यांनी उपसून परसातल्या माडाला घाला, टाकी घासून घ्या, आणि नवीन पाणी चढेपर्यंत चहाला शेजारून कळशीभर आणा. किल्ली परत घ्यायला जायचंच असतं.